सातविणीखाली कोरा पंचा

“पान गळत नाही असं झाड कोणतं, बुवा?”

बुवांनी मान वर केली नाही. करवंटीत माती भरत होते, ती भरत राहिले.

“मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

बुवांनी बोटानं मातीत खड्डा केला. बी टाकलं. वरून माती सारखी केली आणि दुसरी करवंटी पुढे ओढली.

विचारणारे होते केशवराव हळबे. मोजणी खात्यात त्यांचा जन्म गेला होता. लोकांच्या बांधांवर साखळी टाकायची, खुणेचे दगड रोवायचे आणि भांडणाऱ्यांना गप्प करायचं, हे त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची वेळ आली की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. आत्ता ती उठली होती.

खाडीकाठच्या तळवट गावात त्यांचं घर. घरासमोर मोठं अंगण. हळब्यांच्या अंगणात पान पडायलासुद्धा भितं, असं गावात म्हणत. केशवरावांच्या कानावर ते आलं होतं. त्यांना राग आला नाही, उलट बरंच वाटलं होतं.

बुवा राहत ते डोंगराच्या अंगाला, राईत. कोणी म्हणे घाटावरून आले, कोणी म्हणे इथलेच. नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं धाडसही कोणाला झालं नव्हतं. राईबाहेर पडलेल्या बिया वेचून ते रोपं करत आणि मागेल त्याला देत.

राईतलं मात्र काही कोणी न्यायचं नाही. फळ नाही, वाळकी काटकी नाही, पानसुद्धा नाही. बाहेर पडताना माणसं कपडे झटकतात, चपला आपटतात आणि मगच हद्दीचा दगड ओलांडतात. आत केर कोणी काढत नाही. पान पडतं तिथेच कुजतं, त्यावर दुसरं पडतं.

अशा ठिकाणी केशवराव आले होते. बसायला दगड होता, पण त्यावर पाचोळा. त्यांनी पिशवीतून पांढराशुभ्र पंचा काढला, दगडावर चारी कोपरे नीट पसरला आणि मग त्यावर बसले.

“कशाला हवं तसलं झाड?” बुवांनी अखेर विचारलं.

“घराभोवती लावायला. मुलगी आली आहे बाळंतपणाला. घराला आडोसा हवा. हिरवा, बारमाही.”

“बारमाही हिरवी इथं सगळीच आहेत. बकुळ ने. सुरंगी ने. रातांबा ने.”

“ती गाळतात.”

“गाळतात.”

“मला माहीत आहे. एकदम नाही गाळत, थोडी थोडी वर्षभर टाकत असतात. जुनं पडतं, नवं येतं, म्हणून हिरवी दिसतात. मी काही अडाणी नाही बुवा.” केशवराव पुढे झुकले. “एकही न टाकणारं हवं.”

“एकही?”

“एकही.”

“शहरात नर्सऱ्या आहेत.”

“सगळ्या पालथ्या घातल्या. एक जण तर हसला. म्हणाला, काका, मग प्लास्टिकचं न्या.”

“मग?”

“नेलं. ओटीवर ठेवलंय.”

हे सांगताना केशवराव हसले नाहीत. बुवाही हसले नाहीत.

“आणि?”

केशवराव आपल्या नखांकडे बघत बसले...

तेव्हा पहिल्यांदा बुवांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी घोटून केलेली. सदऱ्याला इस्त्री. डोळे मात्र लालभडक.

“ऊठ,” बुवा म्हणाले. “तो पंचा घे.”

ते दोघं बकुळीखाली गेले.

“पसर.”

“कशाला?”

“पसर तर खरा. कोरा राहिला तर झाड तुझं.”

केशवरावांनी पंचा पसरला. सुरकुती काढायला वाकले, एवढ्यात एक पान त्यांच्या हाताशेजारी येऊन पडलं.

सुरंगीखाली जरा वेळ लागला. केशवराव श्वास रोखून वर बघत होते. मग एक पान गिरक्या घेत आलं, आणि लगोलग त्याच्या जोडीला आणखी एक. रातांब्याचं पान आलं ते वर मुंगी घेऊनच.

केशवराव प्रत्येक वेळी पान चिमटीत धरून बाजूला ठेवत आणि पंचा झटकत. चौथ्या झाडापाशी त्यांचा धीर सुटला.

“हा काय पोरखेळ चालवलाय तुम्ही?”

“झाड तू निवडतोयस. मी कुठे काय करतोय?”

“आता कोणतं राहिलं?”

बुवांनी हात केला.

राईच्या मधोमध सातवीण होती. काळसर खोड, हात पसरलेल्या फांद्या, प्रत्येक डहाळीला गोल मांडलेली सात-सात पानं. तिच्याखाली कोणी बसत नाही. गुरंसुद्धा वळसा घालून जातात. तिन्हीसांजेला आणि भर दुपारी तिच्या सावलीतून जाऊ नये, असं आमच्याकडे लहानपणापासून पोरांना बजावतात.

ऊन आता डोक्यावर आलं होतं.

“हिला घराजवळ लावत नाहीत,” केशवराव म्हणाले.

“कोण?”

“लोक.”

“तू?”

“माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.”

“मग पसर.”

केशवरावांनी पंचा पसरला. विश्वास नव्हता, पण हात जरा सावकाश चालला. पाचोळा खाली इतका होता की पंचा गादीसारखा वर राहिला. ते वर आलेल्या एका मुळावर, खोडाला टेकून बसले आणि पंच्यावर नजर लावली. बुवा समोर, सावलीच्या बाहेर, उन्हात बसले.

किरकिऱ्यांचा आवाज सकाळपासून चालू होता. तो थांबला. कधी थांबला ते केशवरावांच्या लक्षात आलं नाही. एवढंच लक्षात आलं की आता काहीच ऐकू येत नाही.

मग त्यांचे डोळे मिटले.

झोपेत एक आवाज आला. खर्र... खर्र... खर्र...

केशवराव दचकले नाहीत. लग्न झाल्यापासून रोज पहाटे त्यांना ह्याच आवाजानं अर्धवट जाग यायची. मग अजून उठायला वेळ आहे, ह्या सुखात ते कूस बदलून पुन्हा झोपायचे. आत्ताही त्यांनी खोडाला टेकल्या टेकल्या कूस बदलली. इतकी गाढ झोप त्यांना वर्षभरात लागली नव्हती.

जागे झाले तेव्हा उन्हं कलली होती.

पंचा कोरा होता.

एक पान नाही, काडी नाही, मुंगी नाही. पांढरा स्वच्छ पंचा, सकाळी पिशवीतून काढला तसा.

“बुवा!” केशवराव उठत ओरडले. त्यांचा आवाज आनंदानं चिरकला. “मिळालं! हेच झाड. बघा, एकही नाही! ह्याचीच रोपं द्या मला. भोवतीनं सगळीकडे हीच लावतो. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत.”

बुवा बसल्या जागेवरून हलले नव्हते.

“खाली बघ,” ते म्हणाले.

केशवरावांनी खाली पाहिलं.

पंच्याखालची गादी गेली होती. सातविणीच्या सावलीएवढी जमीन लख्ख झाडलेली होती. तांबड्या मातीवर खराट्याच्या रेघा उमटल्या होत्या, बारीक, एकसारख्या, एकीला लागून एक. त्या उजवीकडून डावीकडे जात नव्हत्या. डावीकडून उजवीकडे जात होत्या. सावलीच्या कडेला पाचोळ्याचा ढीग होता, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून ढिगावर एक दगड ठेवलेला होता.



“तुम्ही... तुम्ही झाडलंत?”

“माझ्याकडे खराटा नाही.”

“मग पानं?”

“पडत होती. मी बघत होतो.”

“मग कोणी...”

“मोजणीदार,” बुवा म्हणाले, “बरोबर कोणाला आणलंस?”

केशवराव बसले. पंच्यावर नाही, तसेच मातीवर बसले. आपण मातीत बसलोय हे त्यांच्या ध्यानीही आलं नसावं.



“मंदा डावरी होती,” शेवटी ते म्हणाले.

“बायको?”

“हो. गेली. गेल्या फाल्गुनात. वर्षश्राद्धही झालं.”

“कशानं?”

“ताप होता. उठू नको म्हटलं असतं तर...” ते अडखळले. “म्हटलं नाही. अंगणात बदाम होता मोठा. लाल पानं पडायची त्याची ही मोठाली. रोज पहाटे झाडायची ती. त्या दिवशीही झाडलं. ढीग केला, दगड ठेवला. मी ओटीवर चहा पीत होतो. मी तिला म्हटलं, ते बघ, तिकडं एक राहिलंय.”

“मग?”

“गेली परत. उचललं. येऊन पायरीवर बसली. पुन्हा उठली नाही.”

बुवा ढिगावरच्या दगडाकडे बघत होते.

“मुठीत पान तसंच होतं. मूठ सोडवेना आम्हाला. मग पानासकटच नेली.”

वरून एक पान सुटलं. केशवरावांनी चटकन वर पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

“दिवस झाले, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे आवाज आला. बाहेर आलो. अंगण झाडलेलं. ह्या अशाच रेघा.”

“भ्यालास?”

“नाही.” केशवरावांनी मान हलवली. “खोटं कशाला सांगू? बरं वाटलं. रोज पहाटे पडल्या पडल्या ऐकायचो. मग वाटायला लागलं, मेल्यावरही हिला सुटी नाही का? म्हणून बदाम तोडला. म्हटलं, पानंच नाहीत तर येईल कशाला? आता तरी आराम करेल.”

“आली?”

“दुसऱ्या दिवशीही रेघा. नुसत्या मातीवर. ओटीवरच्या त्या प्लास्टिकच्या झाडाखालीसुद्धा. तिथं तर पडायला काही नाही हो!”

“हे वर्षभर चाललंय. मग आज का आलास?”

केशवरावांनी दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरले.

“चारुता आली. आमची मुलगी. आठवा संपत आला तिला. येऊन थोडे दिवस झाले असतील, पहाटे आवाज आला तो वेगळा वाटला. जड वाटला. बाहेर आलो तर पोर अंगणात वाकलेली. डोळे मिटलेले. एवढं पोट घेऊन झाडत होती. आणि ती डावरी नाही बुवा, पण खराटा डाव्या हातात.”

“उठवलीस?”

“उठवली. म्हणाली, बाबा, आई दमलीय. आता माझी पाळी.”

राईत कुठेतरी काहीतरी खुसपुसलं आणि थांबलं.

“डॉक्टर म्हणाले, झोपेत चालतात काही काही बायका. खोलीला कडी घाला. घातली. पहाटे बघतो तर आतल्या बाजूनं उंबऱ्याशी बसून बोटांनी फरशी खरवडतेय. नखं फुटली होती. जावई न्यायला आला, तर म्हणाली, अंगण टाकून कुठे येऊ? खराटा खाडीत फेकला मी. तर आता हातांनी झाडते. काल पायरीवर बसली, अगदी त्याच पायरीवर... घामानं थबथबलेली, आणि दोन्ही हात पोटावर.” त्यांचा आवाज फुटला. “पोर जायची माझी, बुवा. पोर जाईल आणि पोटातलंही जाईल. म्हणून म्हणतोय, पान न गाळणारं झाड द्या. झाडायला काही राहिलंच नाही म्हणजे सुटतील दोघी.”

बुवा उठले. सावलीत आले. ढिगातलं एक वाळकं पान त्यांनी उचललं आणि कोऱ्या पंच्याच्या मधोमध ठेवलं.

वारा नव्हता.

पान हललं. जरासं थरथरलं, मग सरकत सरकत पंच्याच्या कडेला गेलं आणि खाली मातीवर पडलं.



बुवांनी दुसरं पान ठेवलं.

हे लगेच हललं नाही. मग हललं. अर्ध्यावर जाऊन थांबलं... पुन्हा निघालं... पुन्हा थांबलं. अखेर कडेवरून खाली गेलं.

“दमलीय खरी,” बुवा म्हणाले.

“थांबवा तिला!”

“मी बोलावलं नाही.”

“मग मी बोलावलं?”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“तिला घरातून काढली, तेव्हा मागं केर कोणी काढला?”

आमच्याकडे माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ कोणी केर काढत नाही. गेलेलं पाऊल परत यावं म्हणून. आणि तिरडी उचलली की उलट करतात. मागोमाग लगेच खराटा फिरवतात. गेलेलं पाऊल परत फिरू नये म्हणून. हे कोणी कोणाला शिकवत नाही. शेजारची एखादी बाई न सांगता पदर खोचते आणि करून टाकते.



“शेजारच्या निमकर वहिनी आल्या होत्या,” केशवराव म्हणाले. “खराटा घेऊन आल्या होत्या.”

“मग?”

“मी म्हटलं, राहू द्या वहिनी. अंगण स्वच्छ आहे. तिनं आत्ताच तर झाडलंय.”

“स्वच्छ होतं?”

“एक पान नव्हतं, बुवा.” एवढ्या दुःखातही त्यांच्या आवाजात किंचित तोरा आला. जन्माची खोड ती, एका वर्षात थोडीच जाते?

“म्हणून नको म्हणालास?”

“हो.”



“स्वच्छ होतं म्हणून?”

केशवरावांची मान हळूहळू खाली गेली. तोरा गेला. मग जे उरलं ते एक म्हातारं, एकटं माणूस होतं.

“नाही,” ते म्हणाले.

“मग?”

“मला ठाऊक होतं केर का काढतात ते. वहिनी वाकल्या, आणि मला वाटलं, आता ह्यांनी खराटा फिरवला की संपलं. मंदा पुन्हा यायची नाही.” त्यांनी डोळे पुसले, पण पाणी थांबेना. “ती परत यावी म्हणून नको म्हटलं मी. लोकांना सांगितलं अंगण स्वच्छ आहे.”

बुवांनी तिसरं पान उचललं. पंच्याच्या मधोमध ठेवलं.

दोघं बघत राहिले.

किती तरी वेळ पान तसंच होतं. मग त्याचं देठ उचललं गेलं. खाली पडलं. पुन्हा उचललं गेलं. कोणाचा तरी दम लागल्यासारखा श्वास केशवरावांना अगदी कानाशी ऐकू आला. तापाचा, गरम श्वास. तो श्वास त्यांनी ओळखला.

पान पुन्हा थरथरलं.

केशवरावांनी झेप घेतली आणि पानावर तळहात ठेवला.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “पडू दे. असू दे एक पान. राहू दे आता.”

हे शब्द त्यांनी उभ्या संसारात बायकोला कधी म्हटले नव्हते.

हाताखालचं पान शांत झालं. श्वासही थांबला. वरून एक पान सुटलं आणि पंच्यावर पडलं. मग दुसरं. ती दोन्ही पडली तिथेच राहिली. केशवराव हात न उचलता, मान खाली घालून रडत होते, आणि त्यांच्या पाठीवर, केसांत पानं पडत होती.

किरकिऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

“गेली?” त्यांनी विचारलं.

“इथून गेली,” बुवा म्हणाले.

“म्हणजे?”

“घरी गेली असेल. तिला दुसरं कुठे जायचंय?”

उन्हं उतरायला लागली होती. बुवा पुढे निघाले, केशवराव मागे. येताना ते पाचोळ्यात पाय पडू नये म्हणून उड्या मारत आले होते. जाताना तसेच पाय ओढत चालले.

हद्दीच्या दगडापाशी बुवा थांबले.

“मग झाड कोणतं लावू, बुवा?”

“बदामाचा बुंधा काढलास?”

“नाही. फुटवे येतात सारखे. रोज खुडतो.”

“खुडू नकोस.”

केशवरावांनी मान हलवली. वाद घातला नाही. माणूस बदलला असं मी म्हणत नाही. दमला होता एवढं नक्की.

“झटकून जा,” बुवा म्हणाले. “इथलं पान बाहेर न्यायचं नाही.”

केशवरावांनी केस झटकले. सदरा झटकला. चपला दगडावर आपटल्या. बकुळीची, सातविणीची पानं राईच्या आत पडली. शेवटी त्यांनी पंच्याची दोन टोकं धरली आणि पंचा झटकला.

त्यातून एक पान पडलं.

मोठं होतं. लाल होतं. मुठीत घट्ट धरल्यासारखं चुरगळलेलं होतं.

राईत बदाम नाही. आसपासच्या डोंगरातही नाही.

केशवराव त्या पानाकडे बघत राहिले.

“हे... हे तिच्या मुठीत होतं. हे तिच्याबरोबर जळलं, बुवा. मी स्वतः...”

“इथलं नाही ते,” बुवा म्हणाले. “उचल.”

केशवरावांनी वाकून पान उचललं. ते गरम होतं. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ते उभे राहिले.

“कुठे नेऊ हे?”

“घरी. तिनं जिथून उचललं, तिथं ठेव.”

“अंगणात?”

“अंगणात.”

केशवरावांनी दगड ओलांडला. दोन पावलं गेले आणि वळले. राईत आता अंधारून आलं होतं, आणि बुवांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

“आणि मग, बुवा?”

बुवा आत निघाले होते. ते थांबले, पण मागे वळले नाहीत.

“उद्या त्या दोघींच्या आधी ऊठ. राहिलेला केर तू काढ.”